नावडता वक्ता कॉलेजात आला, तर त्याच्याशी वागायचं कसं?

दर काही महिन्यांनी असा एखादा व्हिडिओ आपल्या ग्रुपवर येऊन पडतो. अमेरिकेतल्या नाहीतर आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठाचं सभागृह. माइकपाशी कोटातला एक माणूस. तोंड हलतंय, शब्द ऐकू येत नाहीत. समोर पोरं उभी, हातात पुठ्ठ्याचे फलक, घोषणा चालू. खाली लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘फी भरून हेच शिकायला पाठवलंय का?’ दुसरा म्हणतो, ‘बरं केलं. असल्या माणसाला बोलावलंच कशाला?’ ज्यांची मुलं तिकडे शिकतात ते ग्रुपवर काही बोलत नाहीत. रात्री फोन करून हळूच विचारतात, ‘तू नव्हतास ना रे त्यात?’

भांडण सुटत नाही, कारण एकाच गाठोड्यात तीन प्रश्न बांधलेले असतात. या माणसाला बोलवायला हवं होतं का? बोलावलंच आहे तर यजमानाने त्याच्याशी कसं वागायचं? आणि ज्यांना तो पटत नाही त्यांनी विरोध करायचा तो कसा? गाठोडं सोडवायला एक प्रसंग फार उपयोगी पडतो. जुना आहे, पण त्यात तिन्ही प्रश्न एकाच दुपारी समोर आले होते.

## न्यूयॉर्क, 24 सप्टेंबर 2007

इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला आले होते. त्याच शहरातल्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना भाषणाला बोलावलं. (मराठी वाचकाला कोलंबियाची ओळख वेगळी करून द्यायला नको. 1913 साली बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले ते हेच.) पाहुणा साधासुधा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे 60 लाख ज्यूंची कत्तल केली, या इतिहासावरच त्यांनी जाहीर शंका घेतलेली. इस्रायलबद्दलची त्यांची विधानं जगभर गाजलेली. आणि त्यांच्या देशात विद्यार्थी, पत्रकार, बायकांच्या हक्कांसाठी झगडणारे लोक तुरुंगात. ‘निमंत्रण रद्द करा’ म्हणून शहरातले राजकारणी मागे लागले. आदल्या वर्षी असंच एक निमंत्रण बारगळलं होतं. यावेळी विद्यापीठ हटलं नाही.

दाराबाहेर निदर्शनं, आत सभागृह गच्च. विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर पाहुण्यांची ओळख करून द्यायला उभे राहिले. ते कायद्याचे प्राध्यापक, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. आधी त्यांनी श्रोत्यांना सांगितलं की हा कार्यक्रम का घेतोय. मग पाहुण्याकडे वळून म्हणाले, तुमच्यात एका क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची सगळी लक्षणं दिसतात. तुरुंगात टाकलेल्यांबद्दल विचारलं. कोलंबियात शिकलेल्या एका इराणी अभ्यासकाच्या अटकेचा विषय काढला. ज्यूंच्या कत्तलीबद्दल म्हणाले की तुम्ही एकतर मुद्दाम चिथावणी देताय किंवा तुमचं अज्ञान थक्क करणारं आहे. शेवटी, सुसंस्कृत जगाला तुमच्याविषयी जी घृणा वाटते तिचं ओझं आज माझ्या खांद्यावर आहे, अशा अर्थाचं बोलून ते खाली बसले.

आता पाहुणा उठला. त्याने पहिल्याच दमात सांगितलं की आमच्या इराणात अशी रीत आहे की कुणाला बोलायला बोलावलं, तर आमच्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना त्याच्याविषयीचं मत त्यांचं त्यांना ठरवू देतो. भाषण व्हायच्या आधीच आरोपांची यादी वाचत नाही. सभागृहात टाळ्या पडल्या.

या टाळ्या नीट लक्षात ठेवा. ज्या माणसाच्या राज्यात बोलणाऱ्याला तुरुंग दाखवला जात होता, तो न्यूयॉर्कमध्ये यजमानाला पाहुणचार शिकवतोय, आणि काही श्रोत्यांना ते पटतंय!

पण गोष्ट तिथे संपली नाही. भाषणानंतर प्रश्नोत्तरं झाली. श्रोत्यांचे प्रश्न एक अधिष्ठाता वाचून दाखवत होते. इराणात समलिंगी माणसांना मृत्युदंड का, असा एक प्रश्न आला. अहमदीनेजाद आधी इकडचं तिकडचं बोलले. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, तुमच्या देशात आहेत तसे समलिंगी लोक आमच्याकडे नाहीत. सभागृह हसलं. हुर्यो उडाली. दुसऱ्या दिवशी जगभर गाजलं ते हे वाक्य. ओळख करून देताना बोलिंजर जे इतकं जोर लावून सिद्ध करू पाहत होते, ते पाहुण्याने स्वतःच एका वाक्यात करून टाकलं. कुणी त्यांना अडवलं नाही, एवढंच.

## आपली कार्यक्रमपत्रिका काढून बघू

बोलिंजर यांचं चुकलं का, यावर कोलंबियाच्याच प्राध्यापकांत नंतर बराच वाद झाला. काहींना ते धैर्य वाटलं, काहींना उद्धटपणा. मला विचाराल तर त्यांचा एकही प्रश्न चुकीचा नव्हता. खुर्ची चुकली.

हे आपल्याला चटकन कळायला हवं, कारण सभा भरवण्यात मराठी माणूस मुरलेला आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची. तालुक्याच्या गावीसुद्धा गणपतीत व्याख्यानं होत, अजून होतात. पत्रिकेवरचा क्रम पाठ असतो: स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, व्याख्यान, प्रश्नोत्तरं, अध्यक्षीय समारोप, आभार. हा क्रम नुसता सोपस्कार नाही. त्यात कुणी कधी काय बोलायचं याची वाटणी आहे. परिचय करून देणाऱ्याने माणूस कोण, त्याने काय केलं, आपण त्याला का बोलावलं एवढं सांगायचं. त्यात ‘यांच्या मतांवर मोठा वाद आहे आणि आज त्यावर प्रश्न होतील’ हेही बिनदिक्कत सांगता येतं. श्रोत्यांनी प्रश्नोत्तरांत धरायचं. आणि अध्यक्षाच्या हातात शेवटचं हत्यार असतं, समारोपाचं. वक्त्याचं बोलून झालेलं असतं, श्रोत्यांनी ते ऐकलेलं असतं. आता अध्यक्षाने एकेक मुद्दा उचलून त्याच्या चिंधड्या उडवल्या तरी कुणी त्याला असभ्य म्हणत नाही.

बोलिंजर यांनी समारोपाचं भाषण परिचयात केलं. पहिला चेंडू पडायच्या आत अंपायरने बोट वर केल्यासारखं. खेळाडू खरोखर कच्चा असला तरी प्रेक्षक अशावेळी अंपायरवर उखडतात, आणि त्या कच्च्या खेळाडूला फुकटची सहानुभूती मिळते. इराणातल्या सात विद्यापीठांच्या प्रमुखांनी बोलिंजर यांना जाहीर पत्र लिहून उलट दहा प्रश्न विचारले. ती संधी त्यांना याच परिचयाने दिली.

बोलिंजर यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. देशोदेशीचे प्रमुख आले की त्यांच्या तोंडावर कैद्यांचा विषय काढणारे यजमान फार नसतात. फोटो, हस्तांदोलन, स्मरणचिन्ह, संपलं. गुळमुळीत स्वागतापेक्षा त्यांचा कडूपणा मला कधीही बरा वाटतो. प्रश्न फक्त वेळेचा होता.

## सौजन्य म्हणजे नेमकं काय द्यायचं?

इथे एक घोळ नेहमी होतो. आपल्याकडे पाहुणा म्हटलं की शाल, श्रीफळ, ‘आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून’. त्यामुळे सौजन्य दाखवा म्हटलं की माणसाला वाटतं, याचं कौतुक करायला सांगताहेत. नावडत्या वक्त्याला देण्याचं सौजन्य फार थोडं आणि अगदी कोरडं असतं. ठरलेला वेळ, चालू माइक, त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत पुरं होईपर्यंत शांतता, आणि नंतर खरे प्रश्न. टाळ्या त्यात नाहीत. शालही नाही.

आणि हे सौजन्य खरं म्हणजे पाहुण्यासाठी नसतंच. तो विमानात बसून निघून जाणार. ते असतं सहाव्या रांगेत बसलेल्या त्या मुलीसाठी, जिने अजून काही ठरवलेलं नाही आणि जी स्वतःच्या कानांनी ऐकायला आली आहे.

कॉलेजात असताना मी वाङ्मय मंडळात होतो. श्रोत्यांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे. (कॉलेज कुठलं ते सोडा.) एकदा आरक्षणाच्या विरोधात बोलणारे एक वक्ते आले. मागच्या बाकांवरून एक चिठ्ठी आली, एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलेली. प्रश्न दोन ओळींचा. तुमच्या घरात पदवी घेणारी तुमची कितवी पिढी? माझ्या घरात मी पहिला. अध्यक्षस्थानी असलेल्या सरांनी तो वाचला, शब्द न बदलता. वक्त्यांनी ग्लास उचलला, पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग काहीतरी उत्तर दिलं. ते आज आठवत नाही. ग्लास आठवतो.

त्याच सभागृहात दुसऱ्या एका कार्यक्रमात, वक्ते ‘वरच्या’ ओळखीतले असल्याने, निम्म्या चिठ्ठ्या अध्यक्षांच्या कोटाच्या खिशात गेल्या. वाचल्या त्या सगळ्या ‘तरुणांना आपण काय संदेश द्याल’ छापाच्या. वरवर पाहता तो कार्यक्रम जास्त सभ्य होता. माझ्या मते त्या दिवशी आम्ही आमच्याच पोरांचा अपमान केला.

## ‘बोलावणं म्हणजे मान्यता देणंच की!’

पहिला मोठा आक्षेप हा. आणि तो सरसकट झटकता येत नाही, कारण काही निमंत्रणं खरोखरच मान्यता असतात.

फरक बघायला दोन उदाहरणं घेऊ. मे 2009 मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाने राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांना दीक्षान्त समारंभाला बोलावलं आणि मानद डॉक्टरेट दिली. गर्भपाताच्या हक्काला ओबामांचा पाठिंबा. कॅथलिक चर्चचा कडक विरोध. मोठा गदारोळ झाला. 2014 मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने इस्लामवर कठोर टीका करणाऱ्या अयान हिर्सी अली यांना मानद पदवी जाहीर केली, विरोध झाल्यावर मागे घेतली, आणि त्याच दमात सांगितलं की संवादासाठी यायला मात्र आमची ना नाही.

जाहीर केलेला मान मागे घेणं वाईट दिसतं. पण ब्रँडाइसच्या त्या गोंधळात एक भेद बरोबर पकडला गेला. दीक्षान्ताला प्रश्नोत्तरं नसतात. झगे घातलेली मुलं आणि त्यांचे आईवडील तिथे वाद घालायला येत नाहीत, त्यांना उठूनही जाता येत नाही. तिथला पाहुणा हा मानाचा पाहुणा. ‘आमच्या संस्थेने या माणसाला मान का द्यावा’ हा तिथे अगदी रास्त प्रश्न आहे. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता विद्यार्थ्यांच्या एखाद्या मंडळाने ठेवलेलं भाषण, ज्याला यायचं त्याने यावं असं, त्याला हा प्रश्न लागू होत नाही. घरी चर्चेला बोलावणं वेगळं आणि मुंजीत मानाचं पान मांडणं वेगळं.

## मग काय कुणालाही बोलवायचं?

अजिबात नाही. व्याख्यानाच्या तारखा मोजक्या असतात, आणि निवड करणं हे बोलावणाऱ्याचं कामच आहे. पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्याला भूगोल विभागाने बोलावलं नाही, तर त्याची मुस्कटदाबी झाली असं कुणी म्हणू नये.

ब्रिटनमधल्या विद्यार्थी संघटनेने 1974 साली याहून पुढचं पाऊल टाकलं. वंशद्वेषी संघटनांना व्यासपीठच द्यायचं नाही असं धोरण केलं. त्याला ‘नो प्लॅटफॉर्म’ म्हणतात. अडचण अशी झाली की नंतरच्या काळात हे लेबल भलत्यांनाही लागू लागलं. 2015 मध्ये कार्डिफ विद्यापीठात स्त्रीवादी लेखिका जर्मेन ग्रीअर यांचं भाषण, ट्रान्स स्त्रियांबद्दलच्या त्यांच्या मतांमुळे, रद्द करा असा अर्ज फिरला. विद्यापीठ ठाम राहिलं, भाषण झालं. पण 1974 चं धोरण कुठून निघालं आणि कुठे पोचलं ते बघा.

बोलावण्याआधी हजारदा विचार करा. बोलावल्यावर मात्र हिशेब बदलतो. आपल्याकडे ‘पानावरून उठवणं’ हा मोठा अपमान का मानतात? जेवायला न बोलावण्याने कुणी मरत नाही. पान वाढून झाल्यावर ‘उठा’ म्हणण्याने नाती तुटतात.

आपण हे अलीकडेच केलेलं आहे, आणि तेही विद्यापीठाहून मोठ्या मांडवात. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचं उद्घाटन कशाला, म्हणून उधळून लावायची धमकी आली, आणि आयोजकांनी निमंत्रणच मागे घेतलं. मग काय झालं? महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरून या प्रकाराबद्दल नाराजी बोलून दाखवली. आणि सहगल यांचं न झालेलं भाषण वर्तमानपत्रांत छापून आलं, भाषांतरं झाली, ठिकठिकाणी वाचलं गेलं. मांडवात जितक्यांनी ऐकलं असतं त्याच्या कितीतरी पट लोकांपर्यंत पोचलं. उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी केलं. त्या दिवसाची तेवढीच एक गोष्ट मनात राहते.

## ‘आरडाओरडा हेसुद्धा अभिव्यक्तिस्वातंत्र्यच ना?’

हा आक्षेप सगळ्यात चांगला आहे, म्हणून जरा थांबू.

विरोधासाठी मराठीत बारीक छटांचे शब्द आहेत आणि ते बनवणाऱ्यांनी मैदानात उतरून बनवले आहेत. बहिष्कार, म्हणजे जायचंच नाही. काळे झेंडे, म्हणजे दारात उभं राहून नापसंती दाखवायची. सभात्याग, म्हणजे ऐकता ऐकता उठून निघून जायचं. हुर्यो, म्हणजे एखाद्या वाक्याला ओरडून, हसून नको म्हणायचं. आणि सभा उधळणं. पहिल्या चारांत वक्त्याचं बोलणं चालू राहतं आणि विरोधही ऐकू येतो. पाचव्यात एकच आवाज उरतो. रेघ तिथे आहे. कोलंबियातलं हसणं या रेघेच्या अलीकडचं. दिल्लीच्या जेएनयूत 14 नोव्हेंबर 2005 ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांना काळे झेंडे दाखवले गेले, घोषणा झाल्या, तरी त्यांचं भाषण झालं; तेही अलीकडचंच.

रेघेवरचं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या अर्वाइन इथलं घ्या. फेब्रुवारी 2010 मध्ये तिथल्या विद्यापीठात इस्रायलचे राजदूत मायकेल ओरेन बोलत होते. गाझाच्या प्रश्नावर संतापलेल्या 11 विद्यार्थ्यांनी एक युक्ती काढली. एकाने उठायचं, एक वाक्य ओरडायचं, शांतपणे पोलिसांबरोबर बाहेर जायचं. भाषण पुन्हा सुरू झालं की दुसऱ्याने उठायचं. प्रत्येकाचा वाटा मिनिटभराचाही नाही, पण एकत्र केले की भाषणाचे तुकडे. पुढे 2011 मध्ये त्यांच्यापैकी 10 जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं, समाजसेवेची शिक्षा दिली. मला वैयक्तिक असं वाटतं की वागणं चुकलं, पण त्यासाठी फौजदारी खटला म्हणजे ढेकणाला मारायला तोफ. विद्यापीठाने आपल्या घरात शिस्त लावावी; पोरांना कोर्टाची पायरी कशाला?

या प्रकाराला कायद्याच्या भाषेत ‘हेकलर्स व्हेटो’ म्हणतात, म्हणजे गोंगाट करणाऱ्याच्या हाती गेलेला नकाराधिकार. शब्द शिकागोचे कायद्याचे प्राध्यापक हॅरी कॅल्व्हेन यांचा. मुद्दा साधा आहे. सोसायटीच्या सभेत ज्याचा आवाज मोठा त्याच्या मनासारखं पार्किंग होत असेल, तर हळू बोलणाऱ्या जोशीकाकूंना कधीच गाडी लावायला मिळणार नाही. आज तुमचा आवाज मोठा असेल. कायम राहील याची हमी कोण देणार?

हा नकाराधिकार कधी बिलाच्या रूपानेही येतो. ‘तुमच्या वक्त्यामुळे गडबड होईल, म्हणून पोलिसांचा खर्च तुम्हीच भरा’ म्हटलं की गरीब मंडळ आपोआप गप्प बसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये एका खटल्यात सांगितलं की श्रोते किती खवळतील यावरून सरकारला शुल्क वाढवता येणार नाही. तत्त्व चांगलं, पण कुणाला तरी पैसे मोजावे लागतातच. सप्टेंबर 2017 मध्ये बर्कली विद्यापीठाने बेन शापिरो या उजव्या वक्त्याच्या एका कार्यक्रमाच्या बंदोबस्तावर सुमारे 6 लाख डॉलर घातले. एका संध्याकाळचे.

## यजमानच आंदोलकांच्या बाजूला बसला तर

मार्च 2023. स्टॅनफर्डच्या कायद्याच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या एका पुराणमतवादी मंडळाने काइल डंकन या संघराज्य न्यायाधीशांना बोलावलं. ट्रान्स पक्षकाराला तिच्या पसंतीच्या सर्वनामाने संबोधायला त्यांनी एका निकालात नकार दिला होता, त्याचा राग होता. भाषणात इतका व्यत्यय आला की न्यायाधीश चिडले, मुलांना वेडंवाकडं बोलले, आणि ‘इथे कुणी प्रशासनाचं माणूस आहे का’ म्हणून विचारू लागले. एक सहअधिष्ठाता पुढे आल्या. मुलांना शांत करण्याऐवजी, किंवा करता करता, त्यांनी लिहून आणलेलं मनोगत वाचलं आणि पाहुण्यालाच विचारलं की या सगळ्या पिळापिळीतून निघणारा रस त्या लायकीचा आहे का, म्हणजे तुमच्या बोलण्याने एवढा त्रास होतोय, तो सोसण्याइतकं त्यात काही आहे का.

कोलंबियातली चूक इथे दुप्पट झाली. बोलिंजर यांनी निदान पाहुण्याला बोलू दिलं होतं.

पुढचं मात्र शिकण्यासारखं आहे. विद्यापीठाने न्यायाधीशांची माफी मागितली. अधिष्ठाता जेनी मार्टिनेझ यांनी दहा पानांचं पत्र काढून सगळ्यांना कायदा आणि नियम समजावून सांगितले. कुणा एकट्यादुकट्या विद्यार्थ्याला शिक्षा केली नाही. सगळ्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण लावलं. त्यांचा युक्तिवाद असा की प्रशासनाची माणसं खोलीत हजर असताना त्यांनीच स्पष्ट इशारा दिला नाही, मग मुलांवर कारवाई कुठल्या तोंडाने करायची? हे वाचताना मला मास्तरकीच्या पेशातले जुने लोक आठवले. वर्गात दंगा झाला तर आधी ते स्वतःच्या खुर्चीकडे बघायचे.

## ‘ज्याचं जळतं त्याला सौजन्य शिकवू नका’

या आक्षेपापुढे मी थोडा नमतो. ज्या मुलाच्या अस्तित्वालाच वक्ता चूक म्हणतोय, त्याला ‘हात वर करून प्रश्न विचार’ सांगणं सोपं असतं, कारण सांगणाऱ्याचं काही जळत नसतं. सभ्यतेची मागणी नेहमी खालच्या बाजूकडेच होते, हेही खरं. पाहुण्याकडून फारशी होत नाही.

म्हणून दोन गोष्टी. एक, यजमानाकडून जेवढं सौजन्य मागायचं तेवढं श्रोत्याकडून मागू नये. श्रोत्याने हसावं, पाठ फिरवून उभं राहावं, उठून जावं. व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजात मार्च 2017 मध्ये वंश आणि बुद्धिमत्ता यांवरच्या लिखाणामुळे वादग्रस्त ठरलेले लेखक चार्ल्स मरे बोलायला आले, तेव्हा मुलांनी पाठ फिरवली तिथवर मला काही गैर वाटत नाही. त्यापुढे घोषणांनी भाषणच होऊ दिलं नाही, आणि बाहेर पडताना झालेल्या धक्काबुक्कीत अ‍ॅलिसन स्टँगर या प्राध्यापिकेच्या मानेला दुखापत झाली. त्या मरे यांना अवघड प्रश्न विचारण्यासाठी तिथे आल्या होत्या.

दुसरी गोष्ट, पाहुण्यावरही अट हवी. प्रश्न घेणार नाही म्हणणाऱ्या वक्त्याला मी बोलवणार नाही, मग तो माझ्या आवडीचा का असेना.

आणि ज्याचं जळत होतं अशा एका माणसाने काय केलं ते पुण्याला ठाऊक आहे. 1875 साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात व्याख्यानांसाठी आले. न्यायमूर्ती रानडे आणि मंडळींनी त्यांची मिरवणूक काढायचं ठरवलं. सनातन्यांनी टर उडवायला गाढवाची वरात काढली, ‘गर्दभानंद’ म्हणून; चिखलफेक झाली. तेव्हा जोतीराव फुले आपल्या माणसांना घेऊन दयानंदांच्या मिरवणुकीत उतरले. सत्यशोधक समाजाला अवघी दोन वर्षं झाली होती. दयानंद म्हणत होते वेदांकडे चला, आणि फुल्यांना वेदांचं प्रामाण्यच मान्य नव्हतं. घरी बसायला त्यांच्याकडे सबळ कारण होतं.

## समोर बसलेल्याने करायचं काय?

व्हर्जिनियातल्या लिबर्टी युनिव्हर्सिटीत सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकन सिनेटर बर्नी सँडर्स बोलायला गेले. लिबर्टी म्हणजे कडव्या ख्रिस्ती परंपरेचं विद्यापीठ, सँडर्स डावे. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की गर्भपात आणि समलिंगी विवाह यांवर तुमचं माझं जमणार नाही, आणि मग विषमतेवर, बायबलचाच आधार घेत, बोलले. हजारो विद्यार्थी ऐकत होते. त्यांतल्या बहुतेकांना तिथे हजेरी सक्तीची होती. नंतर विद्यापीठाच्याच माणसाने विचारलं, दुबळ्यांची एवढी कणव आहे तर पोटातल्या बाळाचं काय? या प्रश्नाला सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. सँडर्स यांनी आपलं उत्तर दिलं, त्यालाही लोकांनी बोलू दिलं. कुणाचं मत बदललं का? बहुधा नाही. पण आपल्या बाजूचा सगळ्यात अवघड प्रश्न त्यांच्या तोंडावर विचारल्याचं समाधान त्या मुलांना मिळालं, आणि त्यासाठी कुणाला मानेचा पट्टा लावावा लागला नाही.

मुलगा किंवा मुलगी विचारेल की आमच्याकडे अमुक येतोय, जाऊ का, तर मी सांगतो, जा. आधी त्याचं काहीतरी वाच. प्रश्न एकच तयार कर आणि तो दोन ओळींत बसव. ‘माझे तीन मुद्दे आहेत’ म्हणून उभा राहिलास की वक्ता त्यातला सोपा निवडतो आणि निसटतो. त्याने फाटे फोडले तर दुसऱ्या कुणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारावा, कोलंबियात समलिंगींच्या प्रश्नावर झालं तसं.

## आणि तेहरानमध्ये?

पाहुण्याचा मान राखायची आमची रीत आहे, असं न्यूयॉर्कमध्ये सांगून टाळ्या घेणारे अहमदीनेजाद घरी परतले. आदल्या डिसेंबरात तेहरानच्या अमीरकबीर विद्यापीठात विद्यार्थ्यांनी त्यांच्या भाषणात घोषणा दिल्या होत्या, त्यांची छायाचित्रं जाळली होती. आता 8 ऑक्टोबर 2007 ला, कोलंबियानंतर दोनच आठवड्यांनी, ते तेहरान विद्यापीठात बोलायला गेले. विरोधक विद्यार्थ्यांना सभागृहात शिरू दिलं नाही. शंभरेक मुलं बाहेर जमली. त्यांना आपल्या तुरुंगातल्या मित्रांबद्दल विचारायचं होतं. त्यांचं म्हणणं असं होतं: कोलंबियाच का? प्रश्न आमच्याकडेही आहेत.